वॉर्सॉचा जुना चौक, बांधकाम १९५३

सकाळी आठला चौकात पोहोचले. रात्रीच्या पावसाने फरसबंदी ओली होती आणि हॉटेलवाले बाहेर खुर्च्या मांडत होते. चारही बाजूंना गेरू, हळद, पिस्त्याच्या रंगांची अरुंद, उंच घरं, एकमेकांना खेटून उभी. वॉर्सॉचा हा जुना बाजारचौक, पोलिश भाषेत ‘रिनेक’, मूळचा तेराव्या शतकाच्या अखेरचा. मधोमध असलेलं नगरभवन १८१७ मध्ये पाडलं. आता तिथे ढाल-तलवार घेतलेली जलपरी आहे, शहराचं बोधचिन्ह. १८५५ चा मूळ पुतळा संग्रहालयात जपलाय.

त्याच संग्रहालयात १९४५ चे फोटो पाहिले आणि पायच थिजले. खिडक्यांच्या चौकटींतून पलीकडचं आभाळ दिसतंय, खाली विटांचे ढीग. जर्मन ताब्याविरुद्ध वॉर्सॉकरांनी केलेला १९४४ चा उठाव चिरडल्यावर जर्मन सैन्याने शहर ठरवून जाळलं, सुरुंगांनी उडवलं. जुन्या शहराचा ८५ टक्क्यांहून अधिक भाग गेला.

म्हणजे सकाळी मी ज्या घरांकडे मान वर करून बघत होते, त्यांतली बहुतेक माझ्या आईच्या वयाची! वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी युद्धापूर्वी या घरांची मोजमापं घेऊन नकाशे काढले होते. ते कागद युद्धात एका मठात लपवले, म्हणून वाचले. बेलोट्टो या इटालियन चित्रकाराने अठराव्या शतकात रंगवलेली वॉर्सॉची चित्रंही कामी आली. ढिगाऱ्यातल्या विटा निवडून घेतल्या, कमी पडल्या तेव्हा व्रोत्स्वाफसारख्या उद्ध्वस्त शहरांतून आणल्या. २२ जुलै १९५३ ला चौक पुन्हा खुला झाला. १९८० मध्ये युनेस्कोने जुन्या शहराला जागतिक वारसा म्हटलं.

‘हे तर नवं बांधकाम’ असं म्हणून नाक मुरडणारे प्रवासी भेटतात. मला ते अजिबात पटत नाही. आपल्याकडे जीर्णोद्धार झालेल्या देवळाला कोणी खोटं म्हणतं का?

दुपारी पुन्हा चौकात आले आणि एकेक भिंत जवळून पाहत फिरले. काही भिंतींवर गिलाव्याचा वरचा थर खरवडून खालच्या रंगात नक्षी काढलीय. एका दाराच्या दगडी चौकटीत काळवंडलेला जुना तुकडा आणि फिकट नवा दगड शेजारी बसवलेत. सांध्यावरून बोट फिरवलं. कुणीतरी तो तुकडा ढिगाऱ्यातून ओळखून, उचलून, त्याच्या जागी परत आणला होता.

मी कोल्हापूरची. आमच्या वळिवड्याला १९४३ ते १९४८ पोलिश निर्वासितांची छावणी होती, पाचेक हजार माणसांची. आजी त्या लोकांविषयी फार मायेने बोलायची. त्यांतल्या पुष्कळांची गावं युद्धानंतर सोव्हिएत हद्दीत गेली, परतायला घरच उरलं नाही. वॉर्सॉत कोल्हापूरचं स्मारक आहे. चौकातून निघताना फुलवालीकडून पांढरी फुलं घेतली आणि तिकडची वाट धरली.