वेग आला आणि माउस अडखळू लागला

पुण्यात अप्पा बळवंत चौकापासून थोड्या अंतरावर एका छोट्या प्रकाशन संस्थेचे कार्यालय आहे. छपाई आणि प्रकाशनाच्या क्षेत्रातील संगणकांची देखभाल हा माझा व्यवसाय असल्यामुळे तेथे वर्षातून तीन-चार वेळा तरी माझे जाणे होते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये तेथील प्रकाशकांचा, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, फोन आला. दिवाळी अंकाची अक्षरजुळणी सुरू झाली होती आणि जुन्या संगणकावर ते काम आता रेटणे शक्य नाही, असे ताईंनी त्यांना स्पष्ट सांगितले होते. ताई म्हणजे त्यांच्याकडे वीस वर्षांहून अधिक काळ पानांची मांडणी करणाऱ्या बाई. त्या सहसा तक्रार करत नाहीत, त्यामुळे प्रकरण गंभीर आहे हे मला फोनवरच कळले.

अडचण समजावून घेण्यासाठी त्या कार्यालयातील फायलींविषयी सांगणे आवश्यक आहे. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतील अक्षराला स्वतःचा ठरावीक क्रमांक देणारी पद्धत, रूढ होण्यापूर्वीच्या मराठी फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर इंग्रजी अक्षराच्या किंवा चिन्हाच्या जागेवर बसवलेले असे, त्यामुळे तो विशिष्ट फॉन्ट संगणकावर नसेल तर पडद्यावर मराठी मजकुराऐवजी इंग्रजी अक्षरांचा अर्थहीन घोळका दिसतो. ताईंचा सगळा संग्रह, म्हणजे शेकडो पुस्तके आणि प्रत्येक वर्षाचा दिवाळी अंक, अशा फॉन्टमध्ये आहे. ज्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ती पाने लावली ते ३२-बिट या जुन्या रचनेचे असल्याने मॅकच्या कार्यप्रणालीच्या मोहावी या आवृत्तीपर्यंतच चालते, कारण २०१९ साली आलेल्या कॅटलिनापासून ३२-बिट सॉफ्टवेअर चालणे बंद झाले. दुसरीकडे, आता लेखक आपले लेख मोबाइलवर टाइप करून युनिकोडमध्ये पाठवतात. तो मजकूर परिवर्तक सॉफ्टवेअरमधून जुन्या फॉन्टमध्ये आणला की रफार भलत्या अक्षरावर जातात आणि जोडाक्षरे सुटतात, मग ताई एकेक ओळ हाताने नीट करत बसतात. युनिकोड व्यवस्थित हाताळणारी सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती घ्यावी, तर ती मोहावीवर बसत नाही.

त्यांचा संगणक २०१८ च्या मॉडेलचा मॅक मिनी आहे आणि त्यातील अंतर्गत साठवण केवळ २५६ जीबी आहे. आतील मोहावीला हात न लावता एक टीबीच्या बाह्य एसएसडीवर, म्हणजे वेगवान साठवण ड्राइव्हवर, सोनोमा ही त्या वेळची चालू आवृत्ती बसवावी आणि गरजेनुसार या किंवा त्या सिस्टिममध्ये संगणक सुरू करावा, हा पर्याय मीच सुचवला. संग्रह सुरक्षित राहावा, ही माझी पहिली अट होती आणि काकांचीही तीच होती. एक गोष्ट मात्र मी त्यांना आधीच सांगितली. नवी सिस्टिम बाहेरच्या ड्राइव्हवर बसवली तरी तिच्यासोबत येणारे फर्मवेअर, म्हणजे यंत्र सुरू करणारे मूळ सॉफ्टवेअर, यंत्राच्या आतील चिपमध्येच जाते, आणि ते नंतर मागे नेता येत नाही. मोहावी त्यावरही चालते, परंतु ज्याचे यंत्र आहे त्याला हे अगोदर माहीत असलेच पाहिजे असे माझे मत आहे. आतील सर्व फायलींच्या दोन प्रती त्यांनी स्वतंत्र ड्राइव्हवर काढून ठेवल्यानंतरच मी दिवस ठरवला.

सकाळी दहा वाजता मी सोनोमाचा इन्स्टॉलर असलेला पेनड्राइव्ह आणि नवा एसएसडी घेऊन पोहोचलो. ड्राइव्ह टेबलावर लोंबकळत राहू नये म्हणून तो भिंतीवरील फळीवर ठेवला. डब्यात आलेली केबल जेमतेम वीतभर होती आणि फळीपर्यंत पोहोचत नव्हती, म्हणून ताईंच्या खणातील एक लांब पांढरी यूएसबी-सी केबल मी जोडली. टोके तीच, लांबी सोयीची, म्हणून मी पुढे विचार केला नाही. दिवसातील माझी सर्वांत मोठी चूक ती होती, परंतु ती दुपारपर्यंत लक्षात यायची नव्हती.

संगणक ऑप्शन कळ दाबून सुरू केला की कोणत्या ड्राइव्हवरून सुरू करायचे ते निवडता येते. मी तीन वेळा प्रयत्न केला आणि तिन्ही वेळा थेट मोहावीच उघडली. ताईंचा कीबोर्ड ब्लूटूथचा होता आणि यंत्र सुरू होतानाच्या त्या पहिल्या क्षणांत तो जोडला जात नव्हता. शेजारच्या खोलीतील लेखापालांचा तारेचा कीबोर्ड आणून लावल्यावर निवडीचा पडदा लगेच दिसला. पेनड्राइव्ह निवडला, तर संदेश आला की या मॅकची सुरक्षा व्यवस्था बाहेरचा स्टार्टअप ड्राइव्ह वापरू देत नाही.

हा नकार मला अपेक्षित होता. २०१८ च्या मॅक मिनीत टी२ नावाची सुरक्षा चिप आहे आणि मुळातच बाहेरच्या ड्राइव्हवरून यंत्र सुरू करण्यास तिची मनाई असते. यंत्र कोणी उचलून नेले आणि स्वतःच्या पेनड्राइव्हवरून सुरू करण्याचा प्रयत्न केला तर तो फसावा, हा त्यामागचा हेतू मला योग्यच वाटतो. ही मनाई उठवण्यासाठी कमांड आणि आर या कळा दाबून रिकव्हरी या दुरुस्तीसाठीच्या भागात जावे लागते आणि तेथील स्टार्टअप सिक्युरिटी युटिलिटीत प्रशासकाचा पासवर्ड द्यावा लागतो. मी तेथपर्यंत गेलो, परंतु पासवर्ड विचारणाऱ्या खिडकीत ताईंच्या खात्याचे नावच नव्हते. तेथे एकच नाव होते आणि ते कार्यालयातील कोणालाही ओळखीचे वाटेना.

पुन्हा मोहावीत जाऊन टर्मिनल या आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत तपासले तेव्हा उलगडा झाला. ताईंचे खाते प्रशासकाचे होते खरे, पण ते त्यांच्या आधीच्या संगणकावरून जसेच्या तसे आणलेले होते आणि त्याला सिक्युअर टोकन मिळालेले नव्हते. हे टोकन म्हणजे सांकेतिक कुलपाच्या किल्लीवरील हक्क, आणि ज्याच्याकडे तो नाही त्याला चिप प्रशासक मानत नाही, मग रोजच्या वापरात त्याचा पासवर्ड कितीही ठिकाणी चालत असो. टोकन होते ते २०१९ मध्ये यंत्र बसवून देणाऱ्या माणसाने प्रथम तयार केलेल्या खात्याकडे. त्याचा पासवर्ड कोणाला ठाऊक असणार? काकांनी काही न बोलता कपाट उघडले, २०१९ ची डायरी काढली आणि खरेदीच्या दिवसाच्या पानावर बिल क्रमांकाखाली पेन्सिलीने लिहिलेला एक शब्द मला दाखवला. तो बरोबर निघाला. त्या खात्याच्या आधारे मी प्रथम ताईंच्या खात्याला टोकन दिले आणि मगच रिकव्हरीत जाऊन बाहेरच्या ड्राइव्हवरून सुरू होण्याची परवानगी दिली. त्याच खिडकीत सुरक्षेची एकूण पातळी कमी करण्याचाही पर्याय असतो, आणि अनेक जण घाईत तोही बदलून टाकतात. त्याची येथे काहीच गरज नव्हती, म्हणून मी पातळी पूर्ण सुरक्षेवरच ठेवली.

एसएसडीची आखणी फार वेळ खाणारी नव्हती. डिस्क युटिलिटी हे मॅकमधील ड्राइव्ह आखण्याचे साधन सहसा ड्राइव्हमधील विभागच दाखवते, अख्खे उपकरण नाही. व्ह्यू मेन्यूतून सर्व उपकरणे दाखवण्यास सांगून सर्वांत वरचे उपकरण निवडले आणि जीयूआयडी या प्रकारच्या विभागणीसह एपीएफएस या मॅकच्या साठवण पद्धतीने ते पुसले. ही विभागणी नसली तर इन्स्टॉलर त्या ड्राइव्हवर सिस्टिम बसवण्यास नकार देतो.

साडेअकराच्या सुमारास बसवणी सुरू झाली आणि तेथून पुढे वेळ थांबल्यासारखा झाला. उरलेली मिनिटे पडद्यावर कमी होत, मग पुन्हा वाढत. यंत्र मध्येच बंद होऊन पडदा काळा होई, तेव्हा ताई पदराचे टोक बोटाला गुंडाळत माझ्याकडे पाहत. फर्मवेअर बदलताना असे होते आणि या वेळी वीज जाणे सर्वांत घातक असते, म्हणून यूपीएस आधीच लावला आहे, हे मी त्यांना सांगितले. बाहेर पावसाची झड लागली होती, आणि वीज मात्र गेली नाही. तीन वाजता एकदाची सोनोमा उघडली. आनंद अर्धा तासही टिकला नाही, कारण प्रत्येक खिडकी उघडायला इतका वेळ लागत होता की असे यंत्र मी कोणाच्याही हाती काम करण्यासाठी देऊ शकलो नसतो.

प्रथम मला एसएसडीचा संशय आला. मग सिस्टिमच्या माहितीत यूएसबीच्या नोंदी उघडल्या आणि त्या ड्राइव्हसमोर ४८० मेगाबिट प्रति सेकंद हा आकडा दिसला. एसएसडी आणि मॅक मिनीचे पोर्ट दोन्ही १० गिगाबिटचे असताना नोंद मात्र यूएसबी २ च्या वेगाची होती. खणातील ती लांब पांढरी केबल लॅपटॉप चार्ज करण्यासाठीची होती. अशा केबलमधून वीज भरपूर वाहते, पण माहितीसाठी त्यांत बहुधा यूएसबी २ च्याच तारा असतात. दोन्ही टोकांचा आकार सारखा असल्याने नजरेला फरक कळत नाही. सकाळी मी ती पारखून घ्यायला हवी होती. ताईंचे आणि काकांचे तीन तास माझ्यामुळे गेले, हे मी त्यांना तेथेच सांगितले.

संगणक बंद करून ड्राइव्ह फळीवरून खाली आणला, मॅक मिनीला लागून ठेवला आणि डब्यातील आखूड केबल जोडली. नोंदीत १० गिगाबिट दिसू लागले, सिस्टिम झटपट सुरू झाली, नवे सॉफ्टवेअर काही मिनिटांत बसले. ताईंनी युनिकोडमधील एक कथा पानावर ओतली आणि ‘कर्तृत्व’, ‘दृष्ट्या’, ‘हृद्य’ असे शब्द शोधून शोधून पाहिले. सगळे रफार, सगळी जोडाक्षरे जागच्या जागी होती. त्यांच्या चेहऱ्यावरचे समाधान पाहून मी साधने पिशवीत भरू लागलो, तेवढ्यात त्या म्हणाल्या, “दादा, जरा थांबा. माउस अडखळतोय.”

खरोखरच माउसचा बाण पडद्यावर धक्के खात चालला होता, मध्येच थांबत होता आणि एकदम पुढे उडी घेत होता. पानांच्या मांडणीत मिलिमीटरचा हिशेब असतो, आणि असा माउस तेथे निरुपयोगी आहे. मी बॅटरी पाहिली, जोडणी तोडून पुन्हा केली, नव्या सिस्टिममधील माउस चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर संशय घेतला. एक नेहमीची चाचणी मात्र मला करता येत नव्हती, ती म्हणजे संशयित ड्राइव्ह काढून पाहण्याची, कारण सिस्टिमच त्या ड्राइव्हवरून चालू होती.

ताई शांतपणे म्हणाल्या, “मघाशी सगळं हळू होतं ना, तेव्हा माउस चांगला चालत होता. तुम्ही ड्राइव्ह इथं खाली आणल्यापासून हे सुरू झालंय.”

त्या एका वाक्याने माझा शोध योग्य दिशेला वळला. मी एक मोठी फाइल नक्कल करायला लावली आणि त्या वेळी माउस जवळजवळ थांबलाच. लेखापालांचा तारेचा कीबोर्ड अजून जोडलेला होता. त्यावर टाइप केलेले प्रत्येक अक्षर त्याच क्षणी, एकही न चुकता, पडद्यावर उमटत होते. म्हणजे सिस्टिम अडत नव्हती, केवळ माउसचे बिनतारी संदेश वाटेत हरवत होते. यूएसबी ३ च्या वेगवान संदेशवहनातून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओ गोंगाट निर्माण होतो, हे इंटेलने २०१२ मध्येच एका तांत्रिक टिपणात सविस्तर मांडले होते, आणि ब्लूटूथ त्याच पट्ट्यात चालते. ते टिपण मी पूर्वी वाचले होते, तरी प्रत्यक्षात त्याची आठवण व्हायला ताईंचे निरीक्षण लागले. सकाळची केबल यूएसबी २ ची होती आणि ड्राइव्ह लांब फळीवर होता, म्हणून माउस बिनतक्रार चालला. वेग वाढवताना मी ड्राइव्ह जवळही आणला, आणि नेमक्या या दोन गोष्टी मिळून माउसच्या संदेशावर आवाज चढवत होत्या.

उपाय अगदी जवळ होता. बुधवार पेठेतील इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, पावसातून दहा मिनिटे चालत जाऊन, १० गिगाबिटची एक मीटर लांब केबल मी आणली. दुकानदाराला वेष्टणावरील वेगाचा आकडा दाखवायला लावला आणि मगच पैसे दिले. ड्राइव्ह पुन्हा फळीवर गेला. तीच मोठी फाइल नक्कल होत असताना ताईंनी माउसने एका चौकटीचा कोपरा धरून ती ओळीला ओळ लावून बसवली.

शेवटची तपासणी मोहावीची होती. आतील जुनी सिस्टिम सुरू करताच तिने इशारा दिला की जोडलेल्या ड्राइव्हवर या आवृत्तीला न समजणारी वैशिष्ट्ये आहेत. हे पाहून ताई घाबरल्या. तो बिघाड नव्हता. बिग सर या नंतरच्या आवृत्तीपासून मॅकची सिस्टिम मोहोरबंद विभागात ठेवली जाते आणि मोहावी त्याआधीची असल्याने तिला त्या रचनेची ओळख नाही. धोका एवढाच, की अशा वेळी जुन्या डिस्क युटिलिटीने नवा ड्राइव्ह दुरुस्त करण्याचा मोह कोणाला होऊ नये. म्हणून मोहावीत काम करायचे असेल त्या दिवशी संगणक सुरू करण्यापूर्वीच केबल काढून ठेवायची, असे आम्ही ठरवले. मग ताईंनी जुन्या सॉफ्टवेअरमध्ये २००६ चा दिवाळी अंक उघडला आणि मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत पाने पालटून पाहिली. सर्व अक्षरे आपापल्या जागी होती.

मी निघालो तेव्हा साडेसात वाजले होते. लेखापालांनी आपला तारेचा कीबोर्ड ताईंकडेच राहू दिला आणि त्यांचा ब्लूटूथचा स्वतःकडे घेतला. काका २०१९ च्या डायरीतील तो शब्द नव्या डायरीत उतरवून घेत होते. ताईंनी कागदी चिकटपट्टीचा एक तुकडा नव्या केबलला गुंडाळला आणि त्यावर आपल्या सुबक अक्षरात लिहिले, “ही केबल बदलू नये. ड्राइव्ह फळीवरच ठेवावा.”