आमची वाटचाल: खोके, उधारी आणि न वटलेले चेक

1997 साली कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत भाड्याच्या शेडमध्ये आम्ही पुठ्ठ्याचे खोके करायला लागलो. पुठ्ठ्यासाठी कागदाला नागमोडी घड्या पाडणारं जुनं कॉरुगेशन मशीन, एक स्टिचिंग मशीन आणि वडिलांनी दिलेलं भांडवल. आधी गूळवाले आले, मग चपलावाले, पुढं फौंड्रीवाले. पेपर मिलला रोख मोजायचे आणि गिऱ्हाइकाकडून साठ दिवस पुढच्या तारखेचा चेक घ्यायचा, असा हा धंदा. बहुतेक चेक वटतात. उरलेल्यांसाठी फोन येतो, "शेठ, आज चेक टाकू नका, परवा आरटीजीएस करतो."

2014 मध्ये सुरतेच्या एका पार्टीचा मोठा चेक परत आला. खात्यात पैसे नाहीत, असा मेमो. आमचे हिशेब वहिनी बघतात. बँकेचा मेमो मिळाल्यापासून 30 दिवसांत नोटीस गेली नाही तर निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याच्या कलम 138 ची, म्हणजे चेक न वटल्याची, केस उभी राहत नाही, हे त्यांना पाठ. त्यांनी त्याच आठवड्यात रजिस्टर पोस्टानं नोटीस धाडली. पैसे भरायला कायद्यानं दिलेले 15 दिवस पार्टीनं शांतपणे घालवले.

पोलीस ठाण्यात मी फसवणुकीचं बोललो, तर "हे दिवाणी आहे" म्हणाले. वकिलांनी उलगडून सांगितलं: फसवणुकीत नियत पहिल्यापासूनच खोटी होती हे दाखवावं लागतं. 138 मध्ये तसं नाही. 'चेक परत जाईल असं वाटलं नव्हतं' हा बचाव कलम 140 चालू देत नाही. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा चेकच्या दुप्पट रकमेपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

पण नेमका त्याच ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला: चेक देणाऱ्याची बँक जिथं, तिथंच केस. म्हणजे पैसे आमचे अडकलेले आणि तारखांना सुरतेला आम्हीच जायचं! 2015 च्या दुरुस्तीनं घेणाऱ्याच्या बँकेचं ठिकाण धरलं आणि केस कोल्हापूरला आली. इथं हजर राहायची वेळ आल्यावर पार्टी तडजोडीला बसली. व्याज सोडलं, मुद्दल हप्त्यानं आली.

2018 पासून आरोपीनं गुन्हा नाकारला तर कोर्ट चेकच्या 20 टक्क्यांपर्यंत रक्कम निकालाआधीच द्यायला लावू शकतं. आम्हाला ती सोय मिळाली नाही.

आता पाच प्लायची, म्हणजे पाच थरांच्या पुठ्ठ्याची, नवी लाईन बसतेय. नव्या गिऱ्हाइकाकडून वहिनी सुरुवातीला आगाऊ पैसेच घेतात. आमचा सेल्सचा मुलगा त्यावरून रोज कुरकुरतो.