नुसती वेलांटी

सोमवार, रात्री पावणेअकरा

आज दुपारी स्क्रीनवर नुसत्या वेलांट्या आणि काने उमटले. अक्षराचा पत्ता नाही. ठिपक्यांच्या गोलाला लटकलेली एक वेलांटी, खाली एक काना, त्याखाली अनुस्वार. आधी वाटलं, फॉन्ट गेला.

काम पाच मिनिटांचं. गावांची यादी, प्रत्येक ओळ ‘शिक्रापूर|शिरूर|पुणे’ अशी, आणि मला हवा होता फक्त तालुका. इतके दिवस हे ऑकमध्ये, म्हणजे ओळींतले रकाने वेगळे काढणाऱ्या छोट्या भाषेत, चाललं होतं. उभी रेघ विभाजक म्हणून सांगायची, दुसरा रकाना मागायचा, संपलं. बाकीची स्क्रिप्ट पर्ल या प्रोग्रामिंग भाषेत आहे म्हणून आज तेही तिकडे नेलं. तीच रेघ तिथल्या स्प्लिटला, म्हणजे ओळीचे तुकडे करणाऱ्या आज्ञेला, दिली. पर्लची मोजणी शून्यापासून, म्हणून आठवणीने दोनऐवजी एक लिहिलं आणि स्वतःवरच खूश झालो.

शिक्रापूरसमोर वेलांटी. रांजणगावसमोर काना. मंचरसमोर अनुस्वार. ओतूरसमोर मात्र चक्क ‘त’, आणि त्या ‘त’वरूनच डोक्यात प्रकाश पडला. ओतूरमधलं दुसरं अक्षर! म्हणजे रकाने पडलेच नव्हते, अख्ख्या ओळीचा भुगा झाला होता.

पर्लचं स्प्लिट विभाजकाला साधं चिन्ह न मानता नमुना (रेग्युलर एक्स्प्रेशन) समजतं, आणि नमुन्यांच्या भाषेत उभी रेघ म्हणजे ‘किंवा’. माझ्या रेघेच्या डावीकडे काही नाही, उजवीकडेही नाही. म्हणजे मी मागितलं ‘काहीच नाही किंवा काहीच नाही’, आणि ते तर कुठल्याही दोन अक्षरांच्या मधे सापडतं. त्यात युनिकोडच्या, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या क्रमांक-पद्धतीच्या, लेखी ‘शि’ एक नव्हे, दोन: आधी श, मग वेलांटी. (हाताने लिहिताना आपण वेलांटी आधी काढतो, ते वेगळं.) नावं इंग्रजीत असती तर एखादा एच, एखादा ए दिसला असता आणि घोळ तेव्हाच कळला असता.

उपाय काय, तर रेघेआधी एक बॅकस्लॅश (\), म्हणजे रेघ ही रेघच मानली जाते. त्यापायी चाळीस मिनिटं गेली. ऑकला एकटी उभी रेघ ही रेघच वाटते, म्हणून इतके दिवस निभावलं.

तरी काही ओळींवर पर्लचे इशारे (वॉर्निंग) येतच होते. तिथे नुसतं गाव लिहून पुढे दोन रेघा मारलेल्या. शेवटचे रिकामे रकाने पर्ल गुपचूप टाकून देतं. स्प्लिटला तुकड्यांची मर्यादा म्हणून उणे एक दिलं की ठेवतं. दिलं. इशारे थांबले, रकाने रिकामेच. अशी अकरा गावं आहेत, उद्या फोन करून तालुके विचारायचे.