हळद, पन्हं आणि तेल: देवघरातल्या संगमरवराचे तीन डाग

गेल्या वर्षी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आमच्याकडे तीसेक बायका येऊन गेल्या. रात्री आवराआवर करताना देवघराच्या चौथऱ्याकडे लक्ष गेलं आणि पोटात गोळाच आला. हळदीची कोयरी कुणाचा तरी पदर लागून पालथी झाली होती आणि तिच्याभोवती तळहाताएवढा पिवळा डाग पडला होता. समईच्या बुडाशी तेलाचा ओघळ होता. गर्दीत चौथऱ्याच्या कडेवर टेकवलेल्या पन्ह्याच्या पेल्यांची ओली कडी उमटली होती, सहा-सात तरी असतील.

हा चौथरा सासऱ्यांनी १९९१ साली घर बांधताना बसवून घेतला. राजस्थानातल्या मकराण्याचा पांढराशुभ्र दगड, त्यात एकच फिकट करडी शीर. सासरे आता नाहीत. सासूबाई, म्हणजे आमच्या आई, रोज सकाळी ओल्या फडक्याने तो पुसतात, कधी त्यात खंड पडलेला मी पाहिला नाही.

मी घाईने भांड्यांचा साबण घेतला आणि हळद घासायला लागले. बघता बघता पिवळा डाग विटकरी लाल झाला. आई शेजारीच उभ्या होत्या. म्हणाल्या, "अगं, साबणाने हळद लाल होतेच. लिंबू फिरव, परत पिवळी होईल." त्यांचं म्हणणं बरोबर होतं. क्षार लागला की हळद लाल होते आणि आंबट लागलं की मूळ रंगावर येते. मी अर्धं लिंबू कापून डागावर फिरवलं. लाली गेली. बारीक बुडबुड्यांचा फेस आला, कान जवळ नेला तर चुरचुर ऐकू येत होती. मला वाटलं, डागच सुटून वर येतोय.

तो फेस दगडाचा होता. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. त्याला आम्ल लागलं की तो विरघळतो आणि त्यातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. आमचा स्वयंपाकाचा ओटा ग्रॅनाइटचा आहे, त्यावर मी वर्षानुवर्षं लिंबू पिळलंय, चिंच कोळली आहे, कधी काही झालं नाही. दगड तो दगड, असंच मी धरून चालले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्वेच्या खिडकीतून उन्हाची तिरपी तिरीप आली तेव्हा लिंबू फिरवलेली जागा धुरकट दिसली. पन्ह्याची कडीही तशीच दिसत होती, पांढुरकी. बोटाने चाचपलं तर त्या जागी किंचित खरखर लागत होती, बाजूचा दगड मात्र काचेसारखा गुळगुळीत. आईंनी त्यावरून हात फिरवला आणि काहीच बोलल्या नाहीत. ते मला फार लागलं.

त्या आठवड्यात मी फरशीवाल्यांना विचारलं, सापडेल ते वाचलं आणि त्यातून एक गोष्ट पक्की कळली. संगमरवरावर दोन तऱ्हेचे डाग पडतात, आणि कशालाही हात लावण्याआधी आपला डाग कोणता हे ओळखावं लागतं. एक शिरलेला डाग: रंग किंवा तेल दगडाच्या सूक्ष्म छिद्रांत उतरतं आणि जागा आजूबाजूपेक्षा गडद दिसते. दुसरा खाल्लेला डाग: आंबटाने पॉलिशच खाल्लं जातं आणि जागा फिकट, निस्तेज दिसते. शिरलेला डाग ओढून काढता येतो. खाल्लेल्या जागी काढण्यासारखं काही उरलेलंच नसतं, तिथे कितीही धुतलं, घासलं तरी उपयोग नाही. माझ्याकडे दोन्ही तऱ्हा होत्या, आणि हळदीच्या जागी तर एकावर एक.

नात्यातल्या एकांनी मुलतानी माती सुचवली, "ताजमहालाला लावतात की." ते खरं आहे. ताजही मकराण्याच्याच संगमरवराचा आहे. पुरातत्त्व खात्याने १९९४ साली आणि पुढेही काही वेळा त्यावर मुलतानी मातीचे लेप दिले आहेत. लेप वाळू द्यायचा आणि मग शुद्ध पाण्याने धुवून काढायचा. पण तिथे दगडावर बसलेली काजळी आणि धूळ काढायची असते. शिवाय बाजारातल्या मातीत लोहाचा अंश असू शकतो, आणि पांढऱ्या दगडावर लोखंडाचा पिवळेपणा मला नको होता. लेपाची युक्ती तेवढी मी घेतली.

आधी हळद. केमिस्टकडून सहा टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड आणलं आणि खायच्या सोड्यात कालवून श्रीखंडाइतकं घट्ट केलं. डागाच्या कडेबाहेर अर्धा इंच जाईल असा पाव इंच जाड थर दिला, वर प्लास्टिक ठेवून कडा चिकटपट्टीने बंद केल्या. चोवीस तासांनी प्लास्टिक काढलं आणि लेप तसाच वाळू दिला. खरं काम या वाळण्यातच होतं. ओल वर येताना रंगाला सोबत घेऊन येते. ओला असतानाच खरवडला असता तर काही हाती लागलं नसतं. दुसऱ्या खेपेला डाग फिका केशरी झाला. हळदीचा रंग उन्हात उडतो, म्हणून त्यानंतर खिडकीचा पडदा सकाळभर उघडा ठेवायला लागले. वैशाखाच्या उन्हाने राहिलेलं काम आठ-दहा दिवसांत केलं. गडद किंवा रंगीत संगमरवरावर मात्र पेरॉक्साइड वापरू नका, दगडाचाच रंग उतरू शकतो.

तेल चिवट निघालं. तिथे टाल्कम पावडर आणि ऍसिटोनचा लेप दिला. ऍसिटोन पटकन पेट घेतं, त्यामुळे ते चार दिवस देवघरात दिवा, उदबत्ती काहीच लावलं नाही. देव बाहेरच्या खोलीत चौरंगावर हलवले, खिडक्या उघड्या ठेवल्या. दोन वेळा लेप दिल्यावर ओघळाची कड गेली, मधली करडी सावली मात्र राहिली.

खाल्लेल्या जागांसाठी शेवटी घिसाईवाले कारीगर बोलवले. घरात जमेल असं ते काम नव्हे. त्यांनी पाणी मारत मारत आधी जाड आणि मग बारीक होत जाणाऱ्या डायमंड पॅडने चौथरा घासला. फक्त डागाच्या जागा घासून चालत नाही, तिथे खळगा पडतो आणि चमक वेगळी दिसते, म्हणून सगळा वरचा भाग घेतला. संध्याकाळी आईंनी दिवा लावला तेव्हा ज्योत दगडात दिसली.

पॉलिशनंतर सीलर मारून घेतला. आता तीन-चार महिन्यांनी मी चौथऱ्यावर पाण्याचे दोन थेंब टाकते आणि पंधरा मिनिटांनी पुसते. जागा गडद झाली तर दगड पाणी पितोय, सीलर पुन्हा मारायला झाला. सीलरने तेल आणि हळद शिरायला वेळ लागतो, तेवढ्यात टिपून घेता येतं. आंबटापुढे त्याचा काही उपाय चालत नाही.

म्हणून रीतच बदलली. समई पितळी परातीत ठेवतो. पंचामृतातलं दहीसुद्धा आंबटच, त्यामुळे अभिषेक खोल ताम्हनात करतो आणि ताम्हन पाटावर. पितळेची उपकरणी चिंचेने घासायची ती मोरीत, आणि कोरडी झाल्याशिवाय चौथऱ्यावर येत नाहीत. पुसायला साधं पाणी, आठवड्यातून एकदा थेंबभर सौम्य लिक्विड. व्हिनेगर आणि बाथरूमचं ऍसिड त्या खोलीत आणायचंच नाही. काही सांडलंच तर आधी कापडाने टिपायचं. घासलं की डाग पसरतो.

यंदाच्या चैत्रगौरीला पन्ह्याचे पेले ट्रेमधून थेट हातात दिले आणि रिकामे पेले ठेवायला दाराशी स्टूल मांडलं. हळदीकुंकवाची कोयरी आईंनी स्वतः मांडीवर घेऊन ठेवली होती.

तेलाची ती करडी सावली अजून आहे, तिसरा लेप द्यायचाय. पावसाळ्यात तो नीट वाळत नाही, म्हणून नवरात्राच्या आधी कोरडे दिवस बघून देणार आहे.