नानांच्या फोनवर भाव ऐकू येईपर्यंत

रावेर तालुक्यातल्या आमच्या केळी उत्पादक गटाची वेबसाइट मीच बनवली. रोज संध्याकाळी भावफलकाचा फोटो काढून त्यावर टाकायचे. नवती (नव्या लागवडीची केळी), पिलबाग (खोडव्याची केळी), बऱ्हाणपूरचा भाव, सगळं त्यात असायचं. गटातल्या नानांची नजर काचबिंदूने गेलीय. फोन ते टॉकबॅकवर चालवतात, म्हणजे पडद्यावरचं सगळं फोनच त्यांना वाचून दाखवतो. एकदा त्यांचा फोन आला, "पोरी, तुह्या पानावर भाव बोलतच नाही."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले आणि नुसतं ऐकलं. भावाच्या जागी त्यांचा फोन म्हणाला, "प्रतिमा". मग "येथे क्लिक करा" पाच वेळा, कशासाठी ते एकदाही नाही. रोपांच्या मागणीच्या अर्जात रकान्याचं नाव मी आत फिकट अक्षरांत लिहिलं होतं. लिहायला लागलं की ते पुसलं जायचं, मग मागे फिरून तपासायचं म्हटलं तर कुठला रकाना नावाचा न् कुठला मोबाइलचा, हे नानांना कळेना. दीड वर्ष हा माणूस माझ्या पानावर येऊन रिकाम्या हाताने परत जात होता. फार वाईट वाटलं.

घरी लॅपटॉपवर एनव्हीडीए हे पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर टाकलं. मोफत मिळतं. माउस काढून ठेवला आणि टॅब दाबत गेले, तर आपण पानावर कुठे आहोत तेच दिसेना. निवडलेल्या दुव्याभोवतीची चौकट मीच काढून टाकली होती, बरी दिसत नाही म्हणून. ती परत आणली. मेनू कीबोर्डने उघडायला दोन संध्याकाळी गेल्या.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो मराठीने. तयार साच्यात पानाची भाषा इंग्रजी नोंदवलेली होती. ती मराठी केल्यावर वाचणारा आवाजही मराठी झाला. पण गटाची जुनी पत्रकं कृतिदेव या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली. डोळ्यांना ते मराठी दिसतं, आत मात्र इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, त्यामुळे आवाज काहीतरी भलतंच वाचायचा. युनिकोडमध्ये, म्हणजे खऱ्या मराठी अक्षरांत, बदलून घेतली तर रफार आणि पहिली वेलांटी जागा सोडून बसलेल्या. चाळीस पत्रकं हाताने दुरुस्त केली. मराठी संकेतस्थळ करणाऱ्या प्रत्येकाने आधी हे पाहावं, असं मला मनापासून वाटतं.

भावाचा फोटो जाऊन खरा तक्ता आला. स्तंभांना शीर्षकं दिल्यामुळे आकड्याआधी "पिलबाग" ऐकू येतं.

बैठकीत एकाने विचारलं, एका माणसासाठी एवढं कशाला? मी २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सांगितला. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, तेही सांगितलं. सगळे गप्प. मग खजिनदार म्हणाले, "वावरात उन्हात तुझी ती राखाडी अक्षरं मलाही वाचता येत नाहीत." वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी म्हणून असलेल्या WCAG नियमांप्रमाणे साध्या मजकुराचा रंग आणि पार्श्वभूमी यांत किमान ४.५:१ इतका फरक लागतो. माझा त्याच्या निम्माही नव्हता. त्याच रात्री अक्षरं काळी केली.

आता आकडे रोज हाताने भरते. परवा साडेसातला नानांचा फोन: "पोरी, पिलबागचा भाव कालचाच ठेवला का?"

खरंच कालचा राहिला होता. लगेच बदलला.