५८७.५ टक्के

परवा काउंटरवर एक बाई आल्या. स्क्रीनवर त्यांच्या नावापुढे ५८७.५ टक्के. मी आकडा वाचून दाखवला, तर त्यांचा चेहरा खुलला. "हे चांगलं आहे ना?" त्यांना वाटलं मार्क आहेत.

मी इथे अमेरिकेत एका कम्युनिटी कॉलेजच्या फायनान्शियल एड ऑफिसात बसते. पेल ग्रँट ही केंद्र सरकारची मदत, कमी उत्पन्नाच्या घरातल्या विद्यार्थ्यांसाठी. कर्ज नाही, परतफेड नाही. आपल्या ईबीसीची थोरली बहीण म्हणा. वर्षाला जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर. पूर्णवेळ एक वर्ष शिकलात की १०० टक्के वापरले असं धरतात. ६०० झाले की ग्रँट बंद, जन्मभरासाठी.

बाईंची कहाणी नेहमीचीच. आधी एक कॉलेज, मग गाव बदललं, दुसऱ्या कॉलेजने आधीचे निम्मे क्रेडिट धरलेच नाहीत. आता नर्सिंगची शेवटची टर्म. उरलेल्या साडेबारा टक्क्यांचे होतात ९२४ डॉलर. एरवी पूर्णवेळ टर्मला त्यांना ३,६९७ मिळाले असते.

पेल ग्रँट वाढवण्याचं विधेयक २०२१ मध्ये आलं, २०२३ मध्ये पुन्हा आलं. अमेरिकी संसदेतल्या मेझी हिरोनो, बॉबी स्कॉट वगैरे मंडळींनी मांडलेलं. दोन्ही वेळा मंजूर झालं नाही. चर्चा झाली ती रक्कम जवळपास दुप्पट करण्याची. व्हायलाच हवी, वाद नाही. १९७५च्या सुमारास या ग्रँटमध्ये सरकारी विद्यापीठाचा राहण्याजेवणासकट तीन चतुर्थांशाहून जास्त खर्च निघायचा. आता एक तृतीयांशही निघत नाही.

पण माझा जीव अडकलाय विधेयकातल्या दुसऱ्याच कलमात: ही ६०० टक्क्यांची, म्हणजे १२ सेमिस्टरची मर्यादा १८ करायची. ती आधी १८च होती हो! २०१२ मध्ये पैसे वाचवायला १२ केली, आणि शिकता शिकता मध्येच असलेल्यांनाही सूट दिली नाही. भाषणांत या कलमाला एखादं वाक्य मिळतं. ज्याचे टक्के संपलेत त्याला रक्कम दुप्पट करून काय उपयोग? शून्याची दुप्पट शून्यच.

विधेयकाबद्दल मी बाईंना काहीच बोलले नाही. मंजूर न झालेल्या कायद्यातून फी भरता येत नाही. स्क्रीन त्यांच्याकडे वळवून फक्त ९२४ वर बोट ठेवलं. बराच वेळ त्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "बाकीचे हप्त्याने भरता येतात का?"

येतात, पण ते फीच्या खिडकीवर. ती चारला बंद होते. चारला दहा कमी होते. त्या पर्स उघडीच ठेवून धावल्या.