स्टरब्रिजला जाताय? आधी गिरणी गाठा

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, बॉस्टनहून गाडीने तास-सव्वा तासावर ओल्ड स्टरब्रिज व्हिलेज हे संग्रहालय-गाव आहे. 1946 साली लोकांसाठी उघडलेलं हे गाव खरं तर जमवलेलं. न्यू इंग्लंडमधली, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य भागातली जुनी घरं, दुकानं ठिकठिकाणांहून उचलून आणली आणि 1830 च्या सुमाराचं खेडं वसवलं. इमारती चाळीसेक, आवार दोनशे एकरांच्या वर.

आमची फजिती आधी सांगते. पहिल्या खेपेला मैदानाभोवतीची टुमदार घरं बघण्यातच रमलो. घरामागून घर, पलंगामागून पलंग. गिरण्यांपाशी पोचेस्तोवर दुपार कलली होती, आईचे गुडघे बोलायला लागले होते आणि लाकूडकापणी आटोपली होती. दुसऱ्या खेपेला दाराशीच त्या दिवसाचं वेळापत्रक घेतलं आणि थेट लाकडाच्या गिरणीत शिरलो. तिथलं पातं गोल नाही, उभं. पाण्याच्या जोरावर ते खालीवर होतं आणि दर फटक्याला ओंडका जेमतेम रेसभर पुढे सरकतो. एक फळी सुटेपर्यंत तरी हलू नका. घरं धावती बघितली तरी चालतात.

छापखाना मात्र मैदानालगतच आहे. अक्षरांचे खिळे उलटे जुळवायचे, चामड्याच्या गोळ्यांनी शाई थापायची, कागद ठेवून दांडा ओढायचा. याच मॅसॅच्युसेट्सचे मिशनरी गॉर्डन हॉल 1813 साली मुंबईत उतरले. पुढे त्यांच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात मराठी पुस्तकं निघाली, आणि तो पाहूनच गणपत कृष्णाजींनी स्वतःचा छापखाना काढला. हे मी तिथल्या छापणाऱ्याला सांगितलं, तर गडी काम टाकून ऐकत बसला. मागची रांग खोळंबली!

जुन्या वेशातली ही माणसं आपण 1830 मध्येच राहतो असं सोंग आणत नाहीत, त्यामुळे काहीही बिनधास्त विचारा. वाटा खडी-मातीच्या आहेत. बूट घाला, बाबागाडी मोठ्या चाकांची घ्या. हिवाळ्यात गाव रोज उघडं नसतं, तारीख बघूनच निघा.

आणि डबा न्या. फ्रीमन फार्म या तिथल्या शेतघरातल्या चुलीवर काहीतरी रटरटत असतं, पण वास कितीही सुटला तरी पाहुण्यांना त्यातलं काही मिळत नाही. आम्ही बाहेर बाकावर बसून गार थालीपिठं खाल्ली.